विश्लेषण : खनिजातून धातू काढणारे जिवाणू... स्वस्त, पण सुरक्षित किती?

हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबे, निकेल मिळवण्यासाठी भट्टीऐवजी जिवाणू वापरण्याचे तंत्र जगातील अनेक खाणींत रुळले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या भारताच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानातही खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांतून खनिजे मिळवण्यावर भर आहे. तिथे हे तंत्र आणायचे, तर आधी फिनलंडचा अनुभव पाहायला हवा.

हे जिवाणू करतात काय?

'ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स' हा जिवाणू लोह आणि गंधकापासून ऊर्जा मिळवतो. त्याने बदललेले लोह सल्फाइड खनिज फोडते, गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि धातू पाण्यात उतरतो. खनिजाचे ढीग रचून त्यावर आम्लयुक्त पाणी शिंपडायचे, खाली झिरपलेले पाणी गोळा करायचे, एवढीच मुख्य कृती. भट्टी नाही, त्यामुळे सल्फर डायऑक्साइडचा धूरही नाही. मात्र काम संथ. महिने, कधी वर्षेही लागतात.

फिनलंडमध्ये काय घडले?

सोत्कामोजवळच्या तालविवारा खाणीत २००८ मध्ये या पद्धतीने निकेल उत्पादन सुरू झाले. या प्रक्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने कडाक्याच्या थंडीतही ढीग आतून उबदार राहत. जिवाणूंनी दगा दिला नाही. चुकला तो पाण्याचा हिशेब. खाणीत पाणी साचत गेले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये जिप्समचा तलाव फुटून धातूमिश्रित पाणी परिसरात पसरले. २०१४ मध्ये खाण चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी 'टेराफेम' या सरकारी मालकीच्या कंपनीने खाण घेतली. तीच पद्धत तिथे आजही वापरली जाते.

भारतासाठी धडा काय?

हा जिवाणू प्रथम १९४७ मध्ये अमेरिकेतील कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात सापडला होता. म्हणजे धातू देणारी आणि नदी नासवणारी प्रक्रिया एकच. सल्फाइड, हवा आणि पाणी मिळत राहिले, की ती खाण बंद झाल्यावरही थांबत नाही. आपल्याकडे तर बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. म्हणूनच ढिगाखालचे अस्तर, अतिवृष्टीतही पुरणारे तलाव आणि खाण बंद झाल्यानंतरच्या देखभालीचा पैसा, या तिन्हींची तजवीज परवानगीआधीच हवी. नाही तर जिवाणूंनी वाचवलेला खर्च खाणीखालच्या गावांच्या माथी बसेल.