कोचावरची इंग्रजी

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला नोकरीसाठी एका कचेरीतून फोन आला. पलीकडच्या प्रौढ बाईंनी दहा मिनिटे प्रश्न विचारले आणि अखेरीस इंग्रजीत सांगितले, की पहिल्या फेरीत तुम्ही उत्तीर्ण झालात. आनंदाच्या भरात चिरंजीवांच्या तोंडून शब्द निघाले, ‘‘शट अप!’’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. दुसऱ्या फेरीचे बोलावणे आलेच नाही.

मुलगा उद्धट नाही. ‘‘मामा, तिकडे असंच बोलतात हो!’’ तो रडकुंडीला येऊन मला सांगत होता. आणि ते खोटेही नाही. आपल्याकडची बाई जिथे ‘इश्श, काहीतरीच काय!’ म्हणेल, तिथे अमेरिकन नटी ‘शट अप!’ म्हणून मोकळी होते. मात्र ती ते मैत्रिणीला म्हणते. नोकरी देणाऱ्या बाईंना म्हणत नाही. धड्याचा हा दुसरा अर्धा भाग त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

भाचा मराठी शाळेत शिकलेला. इंग्रजी बोलता येत नाही या लाजेपायी त्याने दोन वर्षे रोज रात्री वही-पेन्सिल घेऊन अमेरिकन नि विलायती नटनट्यांच्या मुलाखती पाहिल्या. हा मार्ग काही त्याने स्वतः शोधला नव्हता. ‘पाठ्यपुस्तके फेकून द्या, ताऱ्यांसारखे बोला’ असा मंत्र देणाऱ्या गुरुजींचा हल्ली गल्लोगल्ली आणि मोबाईलच्या पडद्यावर सुकाळ झाला आहे. मुलाखतीचे तुकडे करायचे, त्यांतला एकेक चटकदार शब्द उचलायचा आणि ‘ही पाहा रोजच्या व्यवहारातली इंग्रजी!’ म्हणून तो खपवायचा, हा त्यांचा धंदा. माझे भांडण आहे ते या गुरुजींशी.

त्यांची एक बाजू मला मान्य आहे. आमच्या वडिलांची इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर पोसलेली. व्याकरण चोख, पण साहेबाने भरभर दोन वाक्ये टाकली, की त्यांची गाळण उडे. पुस्तकाने कान तयार होत नाही, हे खरे. आणखी चहा नको असेल तर ‘आय ॲम गुड’ म्हणतात, हे मला स्वतःला अशाच एका मुलाखतीतून कळले. तेव्हा कानाला सवय लागावी म्हणून खुशाल ऐका. पण तिला रोजची भाषा म्हणू नका.

कारण मुळात ते संभाषणच नव्हे. न्यूयॉर्कच्या ‘टुनाइट शो’चेच उदाहरण घ्या. १९५४ साली स्टीव्ह ॲलनने तो सुरू केला, १९६२ पासून १९९२ पर्यंत जॉनी कार्सनने गाजवला आणि २०१४ साली तो जिमी फॅलनकडे आला. रात्री साडेअकराच्या सुमारास दिसणाऱ्या या गप्पा मुद्रित होतात दिवस मावळण्याच्या वेळी. त्याआधी निर्मात्याचा माणूस पाहुण्याशी बोलून घेतो. कोणता किस्सा सांगायचा, कोणता गाळायचा ते ठरते. यजमानाच्या हाती टिपणाची कार्डे जातात. मग तोच किस्सा जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखा यजमान टेबलावर हात आपटून हसतो. प्रेक्षकांनाही एका विनोदवीराने आधीच हसवून तापवून ठेवलेले असते. पाहुणा बहुधा आलेला असतो नव्या चित्रपटाची जाहिरात करायला. हे नाटक वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. नाटक मलाही आवडते. पण आपल्या सत्कारसमारंभातली भाषणे ऐकून एखादा परदेशी माणूस मराठी शिकला आणि रिक्षातून उतरताना ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल मी आपला आजन्म ऋणी आहे’ म्हणाला, तर रिक्षावाल्याने काय करावे?

आता त्या कोचावर कोणते शब्द चालतात ते पाहा. ‘अमेझिंग’, ‘ऑसम’, ‘आय ॲम ऑब्सेस्ड’. सारी स्तुतीची नि विस्मयाची भाषा. कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचे कौतुक करायला बसलेला. त्या कोचावर कोणी कधी पावती मागितली आहे काय? नळ गळतो म्हणून तक्रार केली आहे काय? आपल्या मुलांना इंग्रजी लागते ती बँकेत, इस्पितळात, वरिष्ठांपुढे. ‘हे मला मान्य नाही’ एवढे सभ्यपणे आणि ठामपणे म्हणण्यासाठी लागते. कौतुकाचे चाळीस शब्द आणि नकाराचा एकही नाही, असा मुलगा जगात जाऊन प्रेक्षकच होतो. खूण झाली की टाळी वाजवतो.

राहता राहिले ते बोलीतले खमंग शब्द. असे शब्द म्हणजे घरातली लाडकी नावे. आजोबांना त्यांच्या बहिणी ‘बाळ्या’ म्हणत असतील. म्हणून नव्या पाहुण्याने उंबऱ्यातच ‘काय बाळ्या!’ म्हणावे काय? ‘कूल’ हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जाझ वादकांनी रुजवला. ‘टी’ म्हणजे आतली खासगी गोष्ट, हा अर्थ स्त्रीवेषात रंगमंचावर उतरणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या बोलीतला. जॉन बेरेंट यांच्या १९९४ सालच्या पुस्तकात तो छापून आलेला आहे. ज्यांना बाहेरचे जग धड वागवीत नव्हते, त्यांनी आपसांत बोलण्यासाठी जपलेले हे शब्द. नटांच्या तोंडून आपल्यापर्यंत येईतो त्यांचा जन्म विसरला जातो आणि चवही विटते. शिवाय बोलणाऱ्यागणिक अर्थ बदलतो तो वेगळाच. लंडनच्या ग्रॅहॅम नॉर्टनचा कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. त्याच्या लाल कोचावर अमेरिकन आणि इंग्रज शेजारी शेजारी बसतात. अमेरिकन माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर ‘चांगलेच आहे’. इंग्रज तेच म्हणाला तर बहुधा ‘ठीक आहे, झाले’. आमचा भाचा वहीत अर्थ एकच लिहितो!

मग उपाय काय? आमच्या इमारतीत मूळच्या म्हापशाच्या एक निवृत्त परिचारिका राहतात. भाचा आता रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याशी इंग्रजीत बोलतो. त्या मध्येच थांबवतात, चूक सुधारतात, पुन्हा बोलायला लावतात. ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरुवात केली म्हणजे दर वेळी भीती वाटत नसते, नम्रपणे नाही म्हणायचे असते, हे त्याला त्यांनी शिकवले. गेल्या महिन्यात एका कंपनीने त्याचे विनाकारण कापलेले पैसे त्याने फोनवरून परत मागितले. तीनदा अडखळला, दोन चुका केल्या. पण लेखी पोच घेतल्यावाचून फोन ठेवला नाही.

वाचकहो, या दिवाळीत आपले घर मुलाबाळांनी, पाहुण्यांनी भरलेले असेल. त्यांतला कोणी अडखळत इंग्रजी बोलू लागला, तर कृपा करून हसू नका. आपल्या त्या हसण्याला भिऊनच ही मुले मध्यरात्री एकटी त्या कोचापुढे जाऊन बसतात.