लाल अक्षर आणि आपली गावकी

निडीला दिवा-रोहा गाडीत चढणाऱ्या एखाद्या इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला विचारा, ‘द स्कार्लेट लेटर’ कशाबद्दल आहे? उत्तर गाइडमधलं येईल : पाप, अपराधभाव, माणसाच्या स्वभावाची काळी बाजू. पेपरात मार्क मिळतील. पण तुम्ही रोहा-पेण भागातले असाल, तर ही कादंबरी तुम्हाला गाइडशिवायही कळायला हवी.

नॅथॅनियल हॉथॉर्नने ती 1850 मध्ये लिहिली. गोष्ट मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या बॉस्टनमधली. नवरा बेपत्ता असताना हेस्टर प्रिन आई होते. धर्मनिष्ठ वस्ती तिला तान्ह्या पोरीसकट चौथऱ्यावर उभं करते आणि व्यभिचाराची खूण म्हणून लाल ‘ए’ अक्षर जन्मभर छातीवर वागवायला लावते. मग ती गावाच्या कडेला झोपडीत राहते, शिवणकामावर पोट भरते. गंमत बघा, तिच्या हातचं भरतकाम गव्हर्नरच्या अंगावर चालतं. फक्त नवरीच्या पोशाखाला तिचा हात लागू देत नाहीत.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. गावकी बसते, दंड ठरतो, न भरल्यास घर तुटतं. वाण्याकडून सामान नाही, गिरणीत दळण नाही, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. शिमग्यात पालखी त्या दारासमोरून पुढे जाते. गेल्या दशकात रायगडमधली अशी प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

आता हॉथॉर्न काय करतो ते बघा. त्या मुलीचा बाप आहे गावाचा लाडका धर्मगुरू, डिम्सडेल. भर सभेत, वरच्या सज्जातून, तोच हेस्टरला सांगतो की त्या पुरुषाचं नाव घे! ती घेत नाही. तोही सात वर्षं गप्प राहतो, प्रवचनं देतो, लोक त्याला संत मानतात आणि आतून तो कुजत जातो. माझ्या मते कादंबरीतलं खरं पाप हे आहे. हेस्टरचं अक्षर निदान दिसतं तरी.

मराठीत हे विजय तेंडुलकरांनी दाखवलं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि बघता बघता लीला बेणारेला खरोखर सोलून काढतात. तिच्या पोटातल्या मुलाचे वडील, प्रोफेसर दामले, शेवटपर्यंत येतच नाहीत. आरोपी एक आणि कोर्ट भरलेलं. त्या कोर्टातला प्रत्येक माणूस एकेकटा भेटला तर तुम्हाला चहा पाजेल, हे जास्त भीतीदायक आहे.

हॉथॉर्नला हे घरातूनच माहीत होतं. त्याचा पूर्वज जॉन हॅथॉर्न 1692 च्या सेलममधल्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होता. त्या खटल्यांत 19 जण फासावर गेले. कादंबरीच्या प्रास्ताविकात हॉथॉर्न पूर्वजांची ती लाज स्वतःवर घेतो. गावकीत बसलेल्या आजोबा-पणजोबांबद्दल आपल्यापैकी किती जणांनी असं काही लिहिलं किंवा घरी जेवताना नुसतं बोलून दाखवलं?

महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मदत करणाराही सुटत नाही. चांगला कायदा आहे, वापरायला हवा. पण बैठकीत मागच्या रांगेत मोबाइलकडे बघत बसलेल्या पोराला तो कुठून पकडणार? त्याने हात वर केलेला नसतो, नाही म्हणायलाही तोंड उघडलेलं नसतं. बाहेर आल्यावर मित्राला म्हणतो, ‘जाऊ दे रे, आपल्याला काय करायचंय.’ कॉलेजात एखाद्या मुलीचा फोटो ग्रुपवर फिरतो तेव्हाही हाच पोरगा तिथं असतो.

कादंबरीच्या शेवटी डिम्सडेल त्याच चौथऱ्यावर चढतो, सगळं कबूल करतो, छाती उघडी करतो आणि मरतो. छातीवर लाल अक्षर उमटलेलं होतं, असं जमलेल्यांपैकी बरेच जण पुढे सांगत राहिले. पण काही प्रतिष्ठित मंडळी, जी सगळा वेळ तिथंच उभी होती, शपथेवर म्हणाली : छातीवर काहीच नव्हतं, आणि गुरुजींनी कबूल केलं असंही काही नव्हतं.