‘पकडले गेले’ एवढंच लिहा

पुणे-सोलापूर हायवेवर कासुर्डी म्हटलं की लोकांना टोलनाका आठवतो. आमचं गाव तेच. मागच्या वर्षी गावात माजी सैनिकांच्या नावांचा बोर्ड लावायचं ठरलं. फ्लेक्स नाही, चांगला ग्रॅनाइटचा. मी हिंजवडीला नोकरी करतो आणि घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ आहे, त्यामुळे यादी टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. त्या यादीत माझ्या पणजोबांच्या, म्हणजे आबांच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘आझाद हिंद सेना, जपान’.

मी ती ओळ खोडली आणि तिथून घरात भांडण सुरू झालं.

थोरले चुलते म्हणाले, “तुझं काय जातंय त्यात? मेल्या माणसाला मोठाच करतोय, लहान तर नाही करत.” चुलत्यांचा मी मान राखतो. पण हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. आपल्याकडचा निम्मा इतिहास याच वाक्यावर चालतो.

आबांची वस्तू म्हणाल तर घरात एकच. आजीच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, एक सहा टोकांचा चांदणीसारखा बिल्ला होता. त्याची फीत फिकट वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा, दोन्ही बाजूंना एक गडद आणि एक फिकट निळी रेघ. फोटो काढून शोधलं तर पाच मिनिटांत कळलं : आफ्रिका स्टार. १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेच्या, शिवाय इरिट्रिया-अबिसिनियाच्या आघाडीवर असलेल्यांना हा मिळायचा. मलाया-सिंगापूरला लढलेल्यांचा स्टार वेगळा, पॅसिफिक स्टार. म्हणजे आमच्या घरातलं ‘जपान’ इथंच कोसळलं. त्यासाठी दिल्लीला जावं लागलं नाही, लंडनला तर नाहीच. ट्रंक उघडावी लागली. ऐंशी वर्षांत ती कुणी या कामासाठी उघडली नव्हती, एवढंच.

बिल्ल्याच्या मागे नंबर, नाव आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची अक्षरं कोरलेली होती. ब्रिटिश सैनिकांना हे स्टार कोरेच द्यायचे, हिंदी सैनिकांच्या स्टारवर मात्र नाव टाकायचे. इंग्रजांनी आपल्यासाठी नकळत करून ठेवलेली ही एक सोय. सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट लगेच कळेल : नाव ही प्रायमरी की नाही, नंबर आहे. एकाच नावाचे आणि आडनावाचे दहा शिपाई एका पलटणीत निघतात. गावावर विसंबावं तर कासुर्डी आमच्या दौंड तालुक्यात आहे, तशी भोर तालुक्यातही आहे. जुन्या कागदांत दौंडचं स्पेलिंग ‘धोंड’ असं सापडतं आणि भोर तर तेव्हा संस्थान होतं. नावावरून शोधलात तर दुसऱ्याच कुणाचे पणजोबा घरी घेऊन याल.

पण रेजिमेंट कळली म्हणजे पलटण कळली असं नाही, आणि इथंच बहुतेक जण घाई करतात. रेजिमेंट म्हणजे आडनाव आणि पलटण म्हणजे माणूस. मराठ्यांची तिसरी पलटण १९४१ साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली. दुसरी पलटण १९४२ च्या जूनमध्ये लिबियातल्या टोब्रुक बंदराच्या बचावात होती. आफ्रिका स्टार दोन्हीकडच्यांना. मग आबा कुठले?

तेव्हा आजी म्हणाली, “ते म्हणायचे, आम्ही तोबऱ्यात गावलो.”

घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. तोंडात तोबरा भरला, बोलती बंद झाली, असा काहीतरी. माणूस लढाईविषयी बोलायचा नाही, त्यामुळे अर्थ बसलाही चपखल. पण आबा म्हण वापरतच नव्हते. ते गावाचं नाव सांगत होते. टोब्रुक. त्यांच्या जिभेवर त्याचा तोबरा झाला होता. आणि आयुष्यभर त्यांनी ताटात शेवया घेतल्या नाहीत, त्याचंही कारण मग लागलं. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्यांना इटलीत नेत, आणि तिथल्या कॅम्पांत पातळ उकडलेली मॅकरोनी मिळे.

टोब्रुकचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने विमानांतून बॉम्बफेक करून आग्नेयेकडून हल्ला चढवला. त्या बाजूच्या कडेवर ११ वी हिंदी ब्रिगेड होती, आणि हल्ल्याचा पहिला घाव बसला तो तिच्यातल्या मराठ्यांच्या दुसऱ्या पलटणीवर. रणगाडे अडवायला खणलेल्या खंदकावर जर्मनांनी पूल टाकले, वाट मोकळी केली आणि संध्याकाळपर्यंत ते बंदरात पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याचे सेनापती मेजर जनरल क्लॉपर शरण गेले. सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. शरण जायचा निर्णय शिपायांनी घेतला नव्हता. तो त्यांना कळवण्यात आला.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला युद्धातला माणूस तीनच रूपांत चालतो : हुतात्मा, पदकवाला वीर किंवा नेताजींचा सैनिक. पकडला गेलेला माणूस यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. म्हणून आपण त्याला ढकलून कुठल्या तरी खणात बसवतो. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसबद्दल कुणीही सांगेल, आणि सांगावंच. पण कूत-अल-अमाराला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या डिव्हिजनचं नाव ‘पूना डिव्हिजन’ होतं, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, हे पुण्यातल्या किती जणांना माहीत आहे? शहराचं नाव असलेली अख्खी डिव्हिजन कैद झाली आणि शहराला त्याची आठवण नाही.

‘आझाद हिंद’ लिहिल्याने कुणाचं नुकसान होत नाही, हेही खोटं आहे. युरोपातल्या हिंदी युद्धकैद्यांमधून काही हजार जण नेताजींच्या लीजनमध्ये गेले. तो त्यांनी जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ती किंमत न मोजलेल्याच्या नावापुढे तो शिक्का मारणं म्हणजे त्यांच्या ताटातलं उचलणं. आणि जे गेले नाहीत, कॅम्पातच राहिले, त्यांच्या आयुष्यातली ती वर्षंही आपण त्याच शिक्क्याखाली पुसून टाकतो.

दोष एकट्या घरच्यांचा नाही. कागद ज्यांच्या हातात आहेत त्यांचा त्याहून मोठा आहे. मेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या साइटवर मिळते, बऱ्याचदा बापाच्या आणि गावाच्या नावासकट. जिवंत परत आलेल्याची अशी उघडी यादी नाही. म्हणजे सापडायचं असेल तर मरायला हवं होतं! पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनला क्यूच्या अभिलेखागारात आहेत, पण त्यांत नावं येतात ती मुख्यतः अधिकाऱ्यांची. शिपायांचा आकडा येतो : इतके ठार, इतके बेपत्ता. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले, तोही आपल्याला आकडा म्हणूनच पाठ. साहेबाने आपल्याला मोजलं. नावं लिहायचं काम स्वातंत्र्यानंतर आपलं होतं.

शिपायांचे सेवा-कागद भारतातच, रेजिमेंटांच्या रेकॉर्ड ऑफिसांकडे राहिले. मी नंबर टाकून एका कार्यालयाला अर्ज केला. उत्तर आलं, ‘नोंद उपलब्ध नाही’. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माहिती अधिकारात केला आणि कलम ८(३) लिहून टाकलं. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडले तर, द्यायलाच हवी, असं ते कलम सांगतं. पहिल्या अर्जापासून चौदा महिन्यांनी एक पान आलं. त्यावर भरतीची तारीख होती, पलटण २/५ होती, आणि पुढे : टोब्रुक, २१ जून १९४२, बेपत्ता, नंतर, इटलीच्या ताब्यात युद्धकैदी. मला आनंद झाला आणि लगेच रागही आला. हे पान पहिल्या अर्जाच्या वेळीही त्याच कपाटात असणार. मला इंग्रजीत भांडता येतं म्हणून ते निघालं. कासुर्डीतली एखादी म्हातारी कलम ८(३) कुठून लिहिणार?

‘इतके जुने कागद कोण बघतं’ हे मी आता ऐकून घेत नाही. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी तिथल्या एका विद्यापीठाला सोबत घेतलं, आणि २०२१ साली पहिल्या जिल्ह्यांच्या नोंदी ऑनलाइन आल्या. मोबाइलवर गाव टाकायचं, माणसं दिसतात. आपल्याकडे तर राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा पैसे देतं. म्हणजे जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयांत नावं आहेत, गावं आहेत. हयात असलेल्यांची माहिती झाका, ते बरोबरच आहे. गेलेल्यांचं नाव, नंबर, पलटण आणि गाव एवढे चार रकाने उघडे करायला काय लागतं? मी रोज याहून अवघड टेबलं जोडतो. चार पोरं शनिवार-रविवार बसली तरी एक तालुका संपेल, फक्त वह्या द्या.

ते पान घेऊन मी घरी गेलो आणि चुलत्यांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे शरणच गेले की रे.” त्यांचा आवाज पडला होता.

तेव्हा आजी बोलली. ती आबांची सून, तिला सासूने सांगितलेलं. आबा बेपत्ता असल्याचं पत्र आलं आणि त्यानंतर कित्येक महिने काहीच नाही. भावकीतल्या बायका येऊन पणजीला सांगायच्या, आता कुंकू पूस, किती दिवस लोकांना हसवतेस. तिने नाही पुसलं. दिवाळीच्या पुढे-मागे दुसरं पत्र आलं. गावात इंग्रजी वाचता येणारा माणूस नव्हता म्हणून ती ते घेऊन यवतपर्यंत चालत गेली. मास्तरांनी वाचलं आणि सांगितलं, बाई, तुझा नवरा पकडला गेलाय. ती तिथंच ओट्यावर बसली आणि पदरात होता नव्हता तो गूळ तिने मास्तरांच्या पोरांना वाटला.

बोर्डाचा दगड अजून कोरायचा आहे. मी पाठवलेली ओळ अशी आहे : ‘शिपाई, दुसरी पलटण, मराठा लाइट इन्फन्ट्री. टोब्रुक येथे २१ जून १९४२ रोजी पकडले गेले. परत आले.’ चुलत्यांनी काल फोन केला होता. ‘परत आले’ जरा मोठ्या अक्षरांत घेता येईल का, विचारत होते.