कडी-कोयंड्याचा पाट

बडोद्यातला एखादा जुना वाडा उतरवला की त्याच्या पितळी कड्या मोडीच्या भावाने जातात, आणि त्याच घरातल्या दीड वर्षाच्या नातवासाठी बाजारातून प्लॅस्टिकच्या कड्यांचा फळा येतो! हा व्यवहार आम्हांस उलटा वाटतो. मूल दाराच्या कडीकडे धावते ते ती जड, गार आणि खरी असते म्हणून.

माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. खरखरीत-गुळगुळीत फळ्या, बटणे लावण्याच्या चौकटी हे त्यांचेच साहित्य. पण ते महाग. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला शिंपले आणि बिया यांवर तेच काम भागवले. तेव्हा ऐपतीची सबब कोणी सांगू नये.

घरातला बिनरंगाचा पाट घ्यावा. त्यावर कडी-कोयंडा, बिजागरीचे झाकण, काथ्याचा तुकडा आणि आजीच्या चोळीच्या खणाची पट्टी बसवावी. एवढे पुरे, गर्दी नको. प्रत्येक वस्तू मोठ्या माणसाने जोर लावून ओढून पाहावी, स्क्रूची टोके मागे चाचपावी. घुंगरू, मणी मोहक खरे, पण सुटले की थेट तोंडात. जुनी रंगवलेली फळी मात्र नकोच, घासूनसुद्धा नको. रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलाच्या पोटात जाते.

पाट भिंतीला पक्का ठोकावा, मूल बसले की हात पोहोचेल इतका खाली. मग ‘असं नाही रे बाळा’ म्हणत आजोबांनी मध्ये हात घालू नये. तीच कडी ते चाळीसदा उघडील. उघडू द्यावी.