ग्रंथातली आई, पडद्यावरची आई

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ शब्दबद्ध केली. आणि वीस वर्षांनी आचार्य अत्रे यांनी तिला पडद्यावर आणताना, रात्रीमागून रात्र उलगडणारे ते संथ कथन एका बैठकीत सामावले, शाळकरी मुलांचे खेळकर गीत त्यात गुंफले, आणि प्रत्येक वाचकाने स्वतःच्या मातेवरून मनोमन कल्पिलेल्या त्या आईला अभिनेत्री वनमालाबाईंची मुद्रा कायमची बहाल केली. हा अखेरचा फेरफार आम्हांस सर्वांत मोठा, किंबहुना अपरिवर्तनीय वाटतो. तथापि मुळाबरहुकूम नाही एवढ्याच सबबीवर त्या चित्रपटाविरुद्ध फिर्याद गुदरणे अन्यायाचे होईल. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यास १९५४ साली उचितच लाभले, कारण श्यामला वळण लावणारी ती कठोर माया पडद्यावरही शाबूत आहे.