किल्ल्याशेजारी गलबतही हवे!

मित्रांनो, दिवाळीत आपण सगळे मातीचा किल्ला करतो. बुरूज, दरवाजा, वर महाराज, खाली मावळे. पण सिंधुदुर्ग केला तरी भोवतीच्या पाण्यात एक गलबत दिसत नाही. माझे मत असे, की आरमारावाचून जलदुर्ग अपुरा. यंदा गलबतही करायचे.

कोणी म्हणेल, "पुण्याला कुठं समुद्र आहे?" अहो, शिवाजी महाराजसुद्धा पुण्यातच वाढले! तरी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेताच त्यांनी तिथे जहाजे बांधायला सुरुवात केली. सिंधुदुर्गाचे काम १६६४ ला सुरू झाले.

आपली मोठी लढाऊ जहाजे म्हणजे गुराबा. त्यांना दोन किंवा तीन डोलकाठ्या. गलबत लहान, त्याला शिडे आणि चाळीस-पन्नास वल्ही. दोन्ही उथळ पाण्यात चालत. १६७९ मध्ये इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी खांदेरीला वेढा दिला. पण वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागीच उभे! आपल्या होड्या मात्र वल्ही मारत बेटावर सामान पोचवीत. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ती अशी.

किल्ले दगडाचे, म्हणून ते उरले. जहाजे लाकडाची. १७५६ मध्ये विजयदुर्गाला इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्या वेळी पुण्याचे पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हे वाचून वाईट वाटते, पण आपण पुणेकरांनी ते माहीत करून घ्यावे. किल्ला आजही चढून बघता येतो. गुराब बघायची तर तिचा नमुनाच करावा लागतो.

नमुना म्हणजे नुसता खेळ नव्हे. २०२५ मध्ये आपल्या नौदलात आलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून बांधले आहे. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. त्याचाही आधी लहान नमुना करून पाण्यात तपासला होता.

पालकांनो, यासाठी पैसे लागत नाहीत. पांगाऱ्याचे हलके लाकूड, बांबूच्या काड्या, जुन्या धोतराचे शीड, झाले! फक्त धुराड्याचे विकतचे जहाज ठेवू नका. महाराजांच्या काळी धुराडे नव्हते.

चला तर, यंदा किल्ल्याशेजारी एक तरी गलबत तरंगू द्या. आणि कोणी विचारले, तर त्याची गोष्टही सांगता आली पाहिजे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी