मास्कशी जमवून घेताना

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी स्लीप ॲप्नियाने गेले, तेव्हा या आजाराची चर्चा मराठी घरांतही झाली. यात झोपेत घसा सैलावून श्वासाची वाट मिटते. असे अडथळे तासाला तीस किंवा त्याहून जास्त असतील, तर आजार तीव्र समजतात. एकेकाळी यावर हमखास उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी १९८० साली नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवला आणि ती शस्त्रक्रिया बहुतेकांना टळली. आजचे स्वयंचलित यंत्र मास्कमधून दिला जाणारा हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, गरजेनुसार रात्रभर कमी-जास्त करते. पण अवघड भाग पुढेच आहे. तोंड कोरडे पडते, मिशीपाशी हवा गळते, पोट फुगते, जीव घाबरा होतो आणि कित्येकांचे महागडे यंत्र माळ्यावर जाते. हा दोष रुग्णाचा नव्हे. यंत्र हातात देऊन काहीच न शिकवणाऱ्यांचा आहे. मास्कचे माप आडवे झोपवूनच तपासायला हवे, कारण पाठीवर पडल्यावर गालांची ठेवण बदलते. सुरुवातीला दिवसा, टीव्ही बघताना तो लावून बसावे. दाब हळूहळू चढवण्याची सोय वापरावी, यंत्राच्या ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात, डिस्टिल्ड पाणी घालावे. त्रास टिकला तर मास्कचा प्रकार बदलून मागावा, संकोच करू नये. आणि हो, दुपारच्या वामकुक्षीलाही यंत्र लागतेच. घसा तेव्हाही तसाच मिटतो.